जुनी जॉयस्टिक: प्लग बसला म्हणजे झालं का?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत माझ्यामागच्या शेल्फवर काळी, लाल बटणाची जॉयस्टिक दिसली आणि निम्म्या कमेंट तिच्यावरच आल्या. "ताई, ती चालू आहे का?" "ताई, आमच्या माळ्यावर अशीच एक आहे, कशाला जोडू?" म्हणून आज फक्त जॉयस्टिक.

[जॉयस्टिक कॅमेऱ्यासमोर]

ही अटारीची सीएक्स-४०. १९७७ मध्ये अटारीचं व्हीसीएस हे टीव्हीला जोडून खेळायचं कन्सोल आलं, त्याच्या पाठोपाठ ही आली. आत चार दिशांचे चार स्विच आणि पाचवा फायरचा. तिरकं जायचं तर दोन स्विच एकदम दाबले जातात. दांडा हळू ढकला नाहीतर जीव खाऊन ढकला, कॉम्प्युटरला कळतं ते एवढंच, की स्विच लागला. हे तुम्हाला माहीतच असेल, पुढे जाऊ.

मुद्दा आहे प्लगचा. नऊ पिनांचा हा प्लग अटारीने आणला आणि मग तो सगळीकडे पसरला. अटारीचेच ४०० आणि ८००, कमोडोरचे व्हिक-२० आणि ६४, पुढे अमिगा, अटारी एसटी. एक जॉयस्टिक घ्या आणि यातल्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, खेळ सुरू. एका कंपनीची वस्तू दुसरीच्या मशिनवर बिनबोभाट चालत होती, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

पण त्यामुळेच लोकांची समजूत झाली, की नऊ पिना दिसल्या की घुसवायचं. नाही! प्लग बसतो म्हणजे तारा जुळतात असं नाही.

सेगा मेगा ड्राइव्ह या कन्सोलचा गेमपॅड घ्या. प्लग हुबेहूब तोच, कमोडोर ६४ मध्ये अलगद बसतो. पण अटारीच्या पद्धतीत पाच व्होल्ट सातव्या पिनेवर असतात, मेगा ड्राइव्हमध्ये पाचव्या. शिवाय त्या पॅडमध्ये नुसते स्विच नाहीत, चिप आहे, आणि ती कॉम्प्युटरच्या तारांवर स्वतः वीज ढकलते. त्याच तारांवर ६४ चा कीबोर्डही वाचला जातो. कॉम्प्युटरमधली, कीबोर्ड आणि जॉयस्टिक वाचणारी सीआयए चिप यात जळू शकते, आणि ती आता सहज मिळत नाही.

हे झालं जळण्याचं. नुसतं न चालण्याचेही प्रकार आहेत. ॲमस्ट्रॅड सीपीसी या घरगुती कॉम्प्युटरच्या पोर्टवर पाच व्होल्ट येतच नाहीत, त्यामुळे साधी जॉयस्टिक चालते, पण तिचा ऑटोफायर, म्हणजे आपोआप सारखं फायर करणं, चालत नाही. लोक म्हणतात स्टिक खराब आहे. अहो, तिला वीजच मिळत नाही! १९८६ च्या स्पेक्ट्रम प्लस टू या कॉम्प्युटरमध्ये तर तारांचा क्रमच बदललेला. अटारी पद्धतीची स्टिक लावायला मध्ये ॲडॉप्टर लागतो. गिऱ्हाइकाने आपलीच स्टिक विकत घ्यावी म्हणून केलेल्या या उद्योगांचा मला मनापासून राग येतो.

आणि जुन्या पीसीच्या मागचा सिरियल पोर्ट. तोही नऊ पिनांचा, तिथेही हा प्लग घट्ट बसतो. पण तो मोडेम आणि माउससाठी आहे, त्यातल्या तारांवर बारा व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. पीसीचा जॉयस्टिक पोर्ट वेगळा, पंधरा पिनांचा, आणि त्याला ॲनालॉग स्टिक लागते, म्हणजे दांडा किती ढकलला तेही सांगणारी. म्हणजे पुन्हा तेच: आकार बघून निर्णय घ्यायचा नाही.

मग करायचं काय? मल्टिमीटर घ्या, बीप वाजणाऱ्या सेटिंगवर ठेवा. जॉयस्टिक कशालाही जोडायची नाही. एक टोक आठव्या पिनेला, दुसरं पहिल्या पिनेला. दांडा वर ढकला. बीप वाजला? मग दुसरी पिन खाली, तिसरी डावीकडे, चौथी उजवीकडे, सहावी फायर. पाचही जुळले तर अटारी पद्धत. पिनांचे आकडे प्लगवरच बारीक कोरलेले असतात, भिंग घ्या.

एका दर्शकाने विचारलंय, स्पेक्ट्रमबद्दल का बोलत नाही? बोलते ना! १९८२ चा सिंक्लेअर कंपनीचा मूळ स्पेक्ट्रम, त्याला जॉयस्टिकचं पोर्टच नव्हतं. केम्पस्टन कंपनीचा इंटरफेस, म्हणजे जॉयस्टिक जोडायची डबी, मागे लावायचा, नाहीतर सिंक्लेअरचा इंटरफेस टू. आपल्याकडे डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस विकला होता. माझ्या मावसभावाकडे तो होता, इंटरफेस नव्हता. त्यामुळे आमची बोटं क्यू, ए, ओ, पी या चार कळांवर तयार झाली. क्यू वर, ए खाली. पहिल्यांदा खरी जॉयस्टिक हातात आली तेव्हा उजव्या हाताला काय करावं तेच सुचेना, आणि तरी ती सोडवत नव्हती.

क्विकशॉट टू ही जॉयस्टिक आठवते का? खाली चार रबरी वाट्या. सनमायकाच्या टेबलावर छान चिकटायची, खडबडीत लाकडावर सारखी सुटायची. मला मात्र सगळ्यात आवडते ती मायक्रोस्विचवाली कॉम्पिटिशन प्रो. हा आवाज ऐका.

[क्लिक, क्लिक]

प्रत्येक दिशेला टिकटिक. न बघता कळतं की वळलो. १९८४ चा डेली थॉम्प्सन्स डेकॅथलॉन हा खेळ म्हणजे धावायला दांडा डावी-उजवीकडे वेड्यासारखा हलवायचा. त्यात सीएक्स-४० च्या आतला प्लॅस्टिकचा भाग तडकायचा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच स्टिकमध्ये तोच तडकलेला असतो. कॉम्पिटिशन प्रो मध्ये पोलादी दांडा आहे, ती हा मार सोसते.

कमोडोर ६४ असेल तर शेवटची तपासणी त्याच्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत करा. जॉयस्टिक पोर्ट दोनमध्ये. पोर्ट एकमध्ये लावलीत तर दांडा हलवल्यावर स्क्रीनवर आपोआप अक्षरं उमटतात, कारण ते पोर्ट आणि कीबोर्ड एकाच तारांवर आहेत. ते भूत नाही, बिघाडही नाही. आता हा दोन ओळींचा प्रोग्राम टाइप करा:

[स्क्रीनवर: १० प्रिंट पीक(५६३२०) अँड ३१ / २० गोटू १०]

काही न दाबता ३१ दिसलं पाहिजे. वर ३०, खाली २९, डावीकडे २७, उजवीकडे २३, फायर १५. एखादा आकडा येतच नसेल तर आधी केबल बघा, प्लगजवळ तार तुटलेली असते. तुमच्या स्टिकचं मॉडेल आणि कुठला आकडा येत नाही ते खाली लिहा. पुढच्या रविवारी त्यातली एक इथेच उघडून दुरुस्त करू.