उसनी दहशत

(पडदा काळा. फक्त आवाज.)

सुरुवातीला काहीच दिसत नाही. काळोखात कुणीतरी हाका मारतंय. हे निर्वासितांचं जहाज आहे, यात कुटुंबं आहेत, सैनिक अगदी थोडे, ही लढाऊ नौका नव्हे, कुणाला ऐकू येत असेल तर धावून या. २०१८ सालचा ‘ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ असा सुरू होतो. हा आवाज केनेथ ब्राना यांचा. २०११ साली पहिला ‘थॉर’ त्यांनीच दिग्दर्शित केला होता. ज्यांनी थॉरचं घर पडद्यावर उभं केलं, त्यांच्याच तोंडून ते बुडाल्याची वर्दी.

उजेड येतो तोवर सगळं आटोपलेलं असतं. प्रेतांमधून एक सडपातळ प्राणी प्रवचन देत फिरतोय. आणि खलनायक थॅनोसने थॉरला, साक्षात विजेच्या देवाला, कोंबडीसारखं धरलंय. लढाई आपण पाहिलेलीच नाही, थेट निकाल बघतोय. मग थॉरचा भाऊ लोकी सुनावतो, आमच्याकडे हल्क आहे, म्हणजे तो संतापी हिरवा महाकाय. २०१२ साली, लोकी शत्रू असताना, टोनी स्टार्कने, म्हणजे आयर्न मॅनने, हेच त्याला ऐकवलं होतं. तेव्हा हल्कने लोकीला फरशीवर असं काही आपटलं होतं, की थिएटरात पुढचा संवाद हशात बुडाला. आता तोच लोकी तोच हुकमाचा पत्ता टाकतो.

(हल्क झेप घेतो.)

ही झटापट जेमतेम मिनिटभराची. पण नीट बघा, सगळी कारागिरी तिच्यात आहे. पहिले ठोसे हल्कचे. थॅनोस मागे रेटला जातो, भिंतीला टेकतो. त्याचा एक धिप्पाड सरदार मध्ये पडायला निघतो, तर तो प्रवचनकार, एबनी मॉ, त्याला अडवतो. होऊ दे मालकांची हौस. या अडवण्यातच आपल्या पोटात गोळा येतो, कारण मालक मार खातोय आणि नोकर निवांत आहे.

मग थॅनोस हल्कची पकड सोडवतो. पुढे जे होतं त्यात राग कुठेच नाही. बरगडी, हनुवटी, गुडघा, मोजूनमापून. हल्क जन्मभर संतापाच्या जोरावर जिंकत आला. समोरचा डावपेचांनी लढतोय. शेवटी तो हल्कला डोक्यावर उचलून खाली आपटतो. पंज्यात अफाट ताकद देणारं एक रत्न आधीच बसवलेलं आहे, पण या मारामारीत ते वापरलेलं दिसत नाही. नुसत्या हातांनी.

जत्रेतलं कुस्तीचं मैदान पाहिलेल्याला हे गणित नवं नाही. अनोळखी पैलवान आखाड्यात उतरतो, माइकवरचा माणूस त्याचं गाव सांगतो, वस्तादाचं नाव सांगतो, लोक शेंगा खात असतात. मग तो सांगतो की याने गेल्या महिन्यात अमक्याला अस्मान दाखवलं. शेंगा थांबतात. नव्याची पत जुन्याच्या पाठीला लागलेल्या मातीवरून ठरते.

आणि थॅनोसला अशी पत कमावण्याची फार गरज होती. २०१२ सालच्या ‘द ॲव्हेंजर्स’च्या शेवटी तो नुसता वळून हसला. २०१४ साली ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’मध्ये सिंहासनावर बसून राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत रोनन त्याच्या माणसाची मान मुरगळतो आणि पुढे शक्तीचं रत्नही स्वतःकडेच ठेवून घेतो. २०१५ साली तो म्हणाला की आता मीच बघतो, आणि पुढची तीन वर्षं काही बघितलं नाही. सहा वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाला कोण घाबरणार? ‘इन्फिनिटी वॉर’ सुरू होण्याआधी त्याने झँडार ग्रह उद्ध्वस्त केलेला आहे, पण तो कानांवर येतो, डोळ्यांना दिसत नाही. न पाहिलेल्या विध्वंसाचा शोक प्रेक्षक करत नाही. हल्क मात्र त्याच्या ओळखीचा. हल्कच्या खात्यात शिल्लक होती, ती एका मिनिटात थॅनोसच्या नावे झाली.

(जुनी दूरचित्रवाणी मालिका. तारायानाचा नियंत्रणकक्ष.)

ओळखीच्या बलवानाला हरवून नव्या शत्रूची पत वाढवायची, ही युक्ती हे चित्रपट काढणाऱ्या मार्व्हलची नाही. अमेरिकन चाहते तिला वॉर्फच्या नावाने ओळखतात. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ ही मालिका १९८७ ते १९९४ चालली. तिच्यात यानाचा सुरक्षा अधिकारी म्हणजे वॉर्फ. क्लिंगॉन जमातीचा योद्धा, कपाळावर हाडांचे उंचवटे, आवाज खर्जातला. ही भूमिका मायकल डॉर्न यांनी केली. अडचण अशी की आठवड्याला एक नवं संकट यायचं आणि ते किती मोठं हे दाखवायला लेखकांना वॉर्फच सापडायचा. कुणी त्याला भिंतीवर फेकावं, कुणी एका फटक्यात लोळवावं. काही काळाने प्रेक्षकांच्या लक्षात आलं की हा जहाजावरचा सगळ्यात बलवान माणूस आहे असं फक्त सांगितलं जातं. खात्यातून दर आठवड्याला पैसे काढायचे आणि भरायचे मात्र कधीच नाहीत, तर दुसरं काय होणार?

म्हणून चांगला लेखक आधी भरणा करतो. ‘थॉर: रॅग्नारॉक’ २०१७ चा. त्यात थॉरची बहीण हेला येते. थॉर हातोडा भिरकावतो, ती तो एका हाताने झेलते आणि चुरडते. थॉरला खरचटतसुद्धा नाही. हरतो तो हातोडा. पण त्या हातोड्यामागची गुंतवणूक बघा. पहिल्या ‘थॉर’मध्ये तो वाळवंटात रुतून बसतो आणि गावकरी ट्रक लावूनही उपटू शकत नाहीत. २०१५ साली मेजवानीत एकेक ॲव्हेंजर गंमत म्हणून हात लावून बघतो. कॅप्टन अमेरिका हात घालतो तेव्हा तो किंचित हलतो, आणि थॉरचं हसू मावळतं. एवढी वर्षं जपलेली वस्तू तिने पापडासारखी मोडली. ते ट्रेलरमध्येच दाखवून टाकलं होतं, तरी थिएटरात श्वास अडकलाच.

आता उलटं उदाहरण. २०२२ चा ‘डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस’, दिग्दर्शक सॅम रेमी. दुसऱ्या विश्वातलं एक थोरामोठ्यांचं मंडळ पडद्यावर येतं. त्यात प्रोफेसर एक्स आहेत, पॅट्रिक स्ट्यूअर्ट यांचेच, २००० सालापासून आपल्या ओळखीचे. टाळ्या पडतात. काही मिनिटांत वांडा ही जादूगार सगळ्यांना संपवते. रक्तपात कल्पक आहे, नाकारत नाही. पण रीड रिचर्ड्स, म्हणजे त्या विश्वातला महाबुद्धिमान माणूस, स्वतःच तिला सांगून बसतो की आमचा हा सोबती तोंडातून नुसता पुटपुटला तरी तू संपशील. ती त्या सोबत्याचं तोंडच नाहीसं करते. तो घाबरून किंचाळतो, आणि कोंडलेल्या आवाजाने त्याचंच डोकं फुटतं. जगातला हुशार माणूस शत्रूला स्वतःहून गुपित सांगतो, त्याला हरवण्यात कसलं शौर्य? हरणारा गाढवपणाने हरला की जिंकणाऱ्याची उंची वाढत नाही. शिवाय त्यातले बहुतेक चेहरे या कथेत पाचदहा मिनिटांचे पाहुणे. पत दुसऱ्या चित्रपटांतून आणली आणि इथे उधळली.

पिक्सारच्या ‘द इन्क्रेडिबल्स’ने २००४ सालीच या युक्तीची गंमत केली होती. तिथे लेखकाऐवजी खलनायकच हा हिशेब मांडतो. सिंड्रोम निवृत्त महानायकांना एकेक करून बेटावर बोलावतो, आपल्या यंत्राशी लढवतो, ते मेले की यंत्र सुधारतो. मिस्टर इन्क्रेडिबल गुहेत लपतो तेव्हा समोर एका जुन्या सहकाऱ्याचा सांगाडा असतो. त्याने मरता मरता गुहेच्या भिंतीवर परवलीचा शब्द कोरून ठेवलेला. मुलांचा चित्रपट म्हणे.

तो शब्द महत्त्वाचा, कारण हरलेल्याचं दुसरं काम, मागून येणाऱ्याला खबर देण्याचं, तिथे दिसतं. आपल्याला ते हॉलिवूडकडून शिकायला नको. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला पहिला कोण आडवा आला? जटायू. म्हातारा झालेला, तरी रावणाचा रथ मोडतो, सारथी मारतो. रावण त्याचे पंख छाटतो. रावण किती भारी हे रामाच्या आधी श्रोत्याला कळतं ते त्या छाटलेल्या पंखांवरून. पण जटायू लगेच मरत नाही. राम येईपर्यंत प्राण धरून ठेवतो आणि सीतेला कुणी नेलं ते सांगतो. नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला ही जागा दाखवतात. हरलेल्याच्या नावाने लोक तिथे यात्रेला जातात, हे मला फार आवडतं.

(न्यूयॉर्क. जिन्यावर कोसळलेला माणूस.)

पुन्हा ‘इन्फिनिटी वॉर’. त्या जहाजावरचा थॉरचा साथीदार हाइमडॉल मरण्याआधी उरलीसुरली ताकद लावून हल्कला पृथ्वीकडे पाठवतो. छप्पर फोडून तो डॉक्टर स्ट्रेंज या मांत्रिकाच्या घरात पडतो आणि पडता पडता बॅनर, म्हणजे मूळचा साधा माणूस, होतो. डोळे विस्फारलेले, तोंडी एकच वाक्य, थॅनोस येतोय. स्ट्रेंज विचारतो, कोण? त्याला काहीच ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे, कारण आपण मघाशी तो मिनिटभर पाहिला. इथून पुढे अर्धा तास थॅनोस फारसा दिसला नाही तरी चालतं. त्याची दहशत बॅनरच्या चेहऱ्यावर बसून फिरते.

आणि हल्क येत नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बॅनर कण्हतो, कुंथतो, स्वतःच्या थोबाडीत मारतो, मान हिरवी होते आणि पुन्हा उतरते. टोनी वैतागतो की मांत्रिकांसमोर माझी लाज काढू नकोस. पुढे वाकांडा या देशातल्या लढाईत तर हल्क आतून डोकं काढून नाही म्हणून ओरडतो. हसू येतं, पण हसताना कळतं की आपण एका घाबरलेल्या प्राण्याला हसतोय. दिग्दर्शक रूसो बंधूंनी नंतर सांगितलं की तो घाबरला नव्हता, दर वेळी बॅनरला वाचवायला धावून यायचा त्याला कंटाळा आला होता. असेल. मला पडद्यावर भीतीच दिसते, आणि तीच जास्त पटते.

ही हार लपवण्यासाठी जाहिरातीत थाप मारली होती, तेही सांगायला हवं. ट्रेलरमध्ये वाकांडाच्या जंगलातून सगळ्यांबरोबर हल्क धावताना दिसतो. चित्रपटात असं दृश्यच नाही. तिथे बॅनर लोखंडी चिलखतात आहे.

(गटार. पाण्याचा आवाज.)

मग हरलेल्याकडून घेतलेलं हे कर्ज फेडायचं कसं? २०१२ साली ख्रिस्तोफर नोलन यांनी ‘द डार्क नाइट राइझेस’मध्ये ते फेडून दाखवलं. खलनायक बेन आणि बॅटमनची पहिली गाठ जमिनीखाली पडते. पार्श्वसंगीत नाही. ठोसे आणि पडणारं पाणी, एवढंच. बॅटमन दिवे घालवतो, आजवर या खेळीने भलेभले गर्भगळीत झालेले. बेन जागचा हलत नाही, कारण तो अंधारातच वाढलाय. म्हणजे मोडण्याआधी बॅटमनची हत्यारं एकेक करून निकामी होतात, आणि मग बेन त्याला गुडघ्यावर आपटतो. हा प्रसंग १९९३ सालच्या ‘बॅटमन’ मासिकाच्या ४९७ व्या अंकातून आलेला. कॉमिकमधला बेन जास्त धूर्त. आधी वेड्यांच्या तुरुंगातले सगळे गुन्हेगार मोकळे सोडतो, त्यांना पकडून पकडून बॅटमन पार थकला की मग दारात उभा राहतो.

चित्रपट मात्र त्या मोडलेल्या पाठीला पुढचा मोठा भाग देतो. विहिरीसारखा तुरुंग, दोरीला टांगून सरळ केलेला मणका (याबाबतीत आपल्या हाडांच्या डॉक्टरांचं ऐकावं), दोरी बांधून फसलेल्या उड्या, शेवटी दोरीशिवाय मारलेली उडी. तो बाहेर येतो तेव्हा मागे दिसतो तो जोधपूरचा मेहरानगड. दुसरी लढत भर दिवसा, भर रस्त्यात. या वेळी बॅटमन बेनच्या मुखवट्यावर नेम धरून मारतो. एवढं सगळं करून बेनला शेवटी सेलिना काइल मोटरसायकलवरच्या तोफेने उडवते, ते सोडा.

याउलट २०२३ सालच्या ‘अँटमॅन अँड द वास्प: क्वांटमेनिया’त कँग येतो. थॅनोसनंतरचं मोठं संकट म्हणून त्याचा गाजावाजा झालेला. तो स्कॉटला, म्हणजे अँटमॅनला, विचारतो की याआधी मी तुला मारलंय का? कित्येक ॲव्हेंजर्स त्याने मारलेत असं आपल्याला कळतं. पण त्यातला एकही आपल्यासमोर पडत नाही. माइकवरचा माणूस घसा फोडून सांगतोय आणि आखाडा रिकामा. मग मुंग्यांची फौज येते आणि त्याला फरफटत नेते. लोक पुन्हा शेंगा खायला लागले.

(न्याहारीचं हॉटेल. टेबलाशी तीन ओळखीचे चेहरे.)

हल्कचं काय झालं? २०१९ च्या ‘एंडगेम’मध्ये कथा पाच वर्षं पुढे सरकते आणि आपल्याला तो एका हॉटेलात भेटतो. चष्मा, स्वेटर, समोर अंड्यांचा ढीग. बॅनरचं डोकं आणि हल्कचं शरीर एकत्र आलंय. हे कसं झालं, तर प्रयोगशाळेत दीड वर्ष घालवून. ते दीड वर्ष पडद्यावर नाही. भीती कशी गेली, की गेलीच नाही, तेही नाही. पुढे थॅनोसने नाहीशा केलेल्या सगळ्यांना परत आणणारी चुटकी तोच वाजवतो, त्यात हात भाजून घेतो, कोसळलेल्या इमारतीचा ढिगारा पाठीवर तोलतो. कामं मोठी आहेत. पण थॅनोसशी एकास एक अशी दुसरी गाठ त्याच्या वाट्याला येत नाही. त्या जहाजावर उसना घेतलेला मिनिट त्याला परत मिळाला नाही.

हॉटेलात तीन मुलं येतात. हल्कबरोबर फोटो हवा म्हणतात. तो खूश होऊन मुलांमध्ये वाकतो, बोटांनी खूण करतो. फोन स्कॉटच्या हातात. बॅनर मुलांना विचारतो, अँटमॅनबरोबरही काढायचाय का? मुलं एकमेकांकडे बघतात. तो कोण, हे त्यांना माहीत नाही.