इमारत रिकामी आहे तोवरच

मित्रहो, डेटा सेंटर म्हटलं की चर्चा होते ती सर्व्हरची, क्लाउडची, एआयची. मी बोलणार आहे सर्व्हर आत येण्याआधीच्या काळाबद्दल. पाणी थंड करणारे चिलर बसलेले आहेत, जनरेटर आपापल्या जागी उभे आहेत, केबल ओढून झाल्या आहेत आणि हॉल अजून रिकामा आहे. हा काळ जेमतेम काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा. पण कुणालाही झळ न लागता अख्ख्या इमारतीची वीज पूर्ण लोडवर तोडून बघायची मुभा फक्त याच काळात असते. ग्राहकाचा पहिला सर्व्हर सुरू झाला की ती गेली. आणि तरीही प्रकल्पाला उशीर झाला की कात्री सगळ्यात आधी याच काळाला लागते. याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे.

कमिशनिंगच्या, म्हणजे इमारत वापरात देण्याआधी सगळं तपासून घेण्याच्या, साधारण पाच पातळ्या मानल्या जातात. पहिली कारखान्यात : यूपीएस, जनरेटर, स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी पॅनेलं) गाडीवर चढण्याआधी आपल्यासमोर चालवून बघायचं. दुसरी साइटवर : माल धड आला का, नकाशाप्रमाणे बसला का, बसबारचे (वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्यांचे) बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळून त्यांच्यावर खुणेची रेघ ओढली का. तिसऱ्या पातळीवर केबलचं मेगरिंग (इन्सुलेशनची तपासणी), बिघाडात वीज तोडायला लावणाऱ्या रिलेच्या चाचण्या, फेज सिक्वेन्स (तीन फेजचा क्रम) तपासून यंत्र पहिल्यांदा चालू करतात. चौथीत एकेक यंत्रणा स्वतंत्रपणे लोड देऊन तपासतात. पाचवीत सगळ्या यंत्रणा एकत्र. अनेक प्रकल्पांत प्रत्येक पातळी पार झाली की यंत्रावर वेगळ्या रंगाचा टॅग लावतात. लाल, पिवळा, हिरवा, निळा आणि शेवटी पांढरा. टॅगची शिस्त किरकोळ समजू नका. पॅनेलसमोर उभ्या असलेल्या इलेक्ट्रिशियनला त्या टॅगवरूनच कळतं की आत वीज असू शकते का.

पहिल्या चार पातळ्यांवर मी फार थांबत नाही. त्या कष्टाच्या आहेत, पण सरळ आहेत. खरा प्रश्न पाचवीचा. चौथ्या पातळीवर जनरेटर पास झाला, यूपीएस पास झाला, चिलर पास झाला, याचा अर्थ ते तिघं मिळून पास झाले असा होत नाही.

पाचव्या पातळीवर घडतं काय ते बघा. हॉलमध्ये सर्व्हरऐवजी लोड बँका ठेवलेल्या असतात. लोड बँक म्हणजे मुळात मोठे हीटर. वीज खातात आणि तेवढीच उष्णता ओकतात. सर्व्हरही तेच करतात : एक मेगावॉट वीज आत गेली की जवळजवळ एक मेगावॉट उष्णता बाहेर काढावी लागते. लोड डिझाइनइतका चढवला, तापमान स्थिर झालं, आणि मग कुणीतरी मुख्य इनकमर ब्रेकर उघडतो, म्हणजे बाहेरून येणारी वीज तोडतो.

त्याच क्षणी यूपीएस बॅटरीवर जातो. लोड बँकांना काही कळतही नाही. पण ज्या पंखे-पंपांना यूपीएस नाही ते बंद पडतात, चिलरही थांबतो. काही सेकंद थांबून जनरेटरना स्टार्टचा सिग्नल जातो, कारण क्षणभराच्या झटक्याला इंजिनं धावू नयेत. मग साधारण दहाएक सेकंदांत पहिलं मशीन व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी गाठतं, बाकीची त्याच्याशी सिंक्रोनाइझ होतात. लोड टप्प्याटप्प्याने चढतो. यूपीएससुद्धा आपला भार बॅटरीवरून जनरेटरवर हळूहळू सोडतो. इथवर आलं की खोलीतले लोक सुटकेचा श्वास टाकतात. मी म्हणतो, आता नीट बघा. चिलरचा कॉम्प्रेसर लगेच सुरू होत नाही, त्याला काही मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ उष्णता मात्र चालूच आहे. म्हणून थंड पाण्याची बफर टाकी असते आणि ते पाणी फिरवणारे पंप यूपीएसवर घेतलेले असतात. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी अशी वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची, म्हणजे अ‍ॅश्रेची शिफारस आहे. टाकीतलं थंड पाणी संपण्याआधी चिलर परत आला का, आणि तोवर तापमान किती चढलं, यावर त्या चाचणीचा निकाल ठरतो.

एका प्रकल्पात मी हे जवळून पाहिलं आहे. टाकी भरलेली होती, पंप यूपीएसवर चालू होते, तरी हॉलचं तापमान भराभर चढू लागलं. कारण सापडलं ते एका लहानशा कंट्रोल पॅनेलमध्ये. टाकीकडचा व्हॉल्व्ह चालवणाऱ्या त्या पॅनेलची वीज ड्रॉइंगमध्ये यूपीएसवर दाखवलेली होती. प्रत्यक्षात ती शेजारच्या साध्या डिस्ट्रिब्यूशन बोर्डातून घेतलेली होती. इनकमर उघडताच पॅनेल बंद पडलं, जनरेटर आल्यावर पुन्हा सुरू झालं, आणि सुरू होईपर्यंत व्हॉल्व्ह होता तिथेच राहिला. चौथ्या पातळीवर ते पॅनेल पास झालेलं होतं. का नाही होणार? तेव्हा त्याची वीज कुणी तोडलीच नव्हती. दुरुस्ती म्हणाल तर एक केबल आणि एक एमसीबी. पुढच्याच दिवशी चाचणी पुन्हा घेतली. हॉल ग्राहकांनी भरलेला असताना हाच दोष उघडकीस आला असता तर काय झालं असतं, याचा विचार तुम्हीच करा.

आणखी दोन गोष्टींचा मी आग्रह धरतो. पहिली, परतीचा प्रवास. बाहेरची वीज परत आल्यावर लोड तिच्यावर नेताना बॅटऱ्या चार्जिंगला लागलेल्या असतात आणि त्यांचा भार वर चढलेला असतो. पुष्कळ पथकं जनरेटरने लोड घेतला की टाळ्या वाजवून थांबतात. दुसरी, वीज आली आणि मिनिटाभरात पुन्हा गेली तर? बॅटरी अर्धी उतरलेली, चिलरचे टायमर मध्यावर, जनरेटर थंड होण्याच्या फेऱ्यात. प्रत्यक्षात वीज बऱ्याचदा अशीच ये-जा करते. तीही तशीच तोडून बघितली पाहिजे.

आता टप्प्यांबद्दल, कारण आजकाल अख्खं डेटा सेंटर एकदम उभं राहत नाही. पहिला हॉल ग्राहकाला दिलेला असतो, दुसऱ्यात केबल ओढणं चालू असतं, तिसऱ्याचा पाया खणला जात असतो. पण थंड पाण्याचा मुख्य हेडर (मोठा पाइप), डिझेलची व्यवस्था, बीएमएस (इमारतीच्या यंत्रणांवर नियंत्रण ठेवणारी संगणकीय व्यवस्था) आणि बाहेरून येणारी उच्चदाब लाइन या गोष्टी बऱ्याचदा सामायिक असतात. दुसऱ्या हॉलची पाचवी पातळी करताना तुम्ही मुख्य इनकमर उघडू शकत नाही. शेजारी ग्राहक बसला आहे.

चालू यंत्रणेवर हात घालण्याची किंमत सिंगापूरने २०२३ मध्ये मोजली. १४ ऑक्टोबरला तिथल्या एका डेटा सेंटरमध्ये कूलिंग यंत्रणेच्या नियोजित सुधारणेचं काम चालू असताना थंड पाण्याच्या बफर टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद करणारा चुकीचा सिग्नल गेला. हॉल तापले, आणि डीबीएस व सिटीबँक या दोन बँकांच्या सेवा कोलमडल्या. पेमेंट आणि एटीएमचे सुमारे २५ लाख व्यवहार पूर्ण होऊ शकले नाहीत. टाक्या होत्या, पाणी होतं. अडला तो व्हॉल्व्ह.

म्हणून माझं ठाम मत आहे की दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीची तयारी पहिल्या टप्प्यातच झाली पाहिजे. हेडरवर पुढच्या जोडणीसाठी ठेवलेला, पाणी अडवणारा आयसोलेशन व्हॉल्व्ह पहिल्याच टप्प्यात पूर्ण दाबावर बंद करून बघा, तो गळतो का. दोन वर्षांनी गळतो असं कळलं तर करण्यासारखं फार थोडं उरतं. लोड बँक जोडायची जागा प्रत्येक टप्प्याला वेगळी ठेवा. नव्या पाइपांचं फ्लशिंग (आतून धुऊन काढणं) हेडरला जोडण्याआधी वेगळ्या पंपाने आणि वेगळ्या फिल्टरने उरका. वेल्डिंगचा कचरा चालू हॉलच्या कॉइलमध्ये जाता कामा नये. आणि नव्या हॉलसाठी बीएमएसमध्ये केलेला प्रत्येक बदल जुन्या हॉलचे सेटपॉइंट (तापमान, दाब वगैरेंची ठरवून दिलेली मूल्यं) हलवत नाही ना, हे आधी वेगळ्या सर्व्हरवर तपासा.

एआयच्या रॅकमुळे हे गणित अधिक ताणलं गेलं आहे. एके काळी एका रॅकला पाच-दहा किलोवॉट पुरत. एनव्हिडियाच्या जीबी२०० एनव्हीएल७२ रॅकला सुमारे १२० किलोवॉट लागतात, आणि चिपवरून थेट द्रव फिरवल्याशिवाय तो थंड राहत नाही. द्रवाचा प्रवाह थांबला तर हातात मिनिटं नसतात, सेकंद असतात. मॉडेलचं प्रशिक्षण चालू असताना हजारो चिप एकदम काम उचलतात आणि एकदम थांबतात, त्यामुळे लोडही झटक्यांनी वरखाली होतो. स्थिर हीटरची लोड बँक हे झटके दाखवत नाही. लोड पायऱ्यांनी वरखाली करून यूपीएस आणि जनरेटर काय करतात ते बघायला हवं. अशा हॉलसाठी द्रवाने थंड होणाऱ्या लोड बँकाच आणाव्या लागतात, आणि त्या वेळेवर मागवल्या नाहीत तर वेळापत्रकाच्या नावाखाली चाचणी अर्धवट उरकली जाते.

बांधकामाला दोन महिने उशीर झाला तरी हस्तांतराची तारीख हलत नाही. मग चौथी आणि पाचवी पातळी एकमेकींवर चढवतात, त्रुटींची यादी जोडून सशर्त ताबा देतात. माझ्या मते पाचव्या पातळीवर सही करणारा माणूस बांधकाम प्रमुखाच्या हाताखाली असताच कामा नये. तो मालकाने थेट नेमलेला हवा, आणि डिझाइनच्या पहिल्या बैठकीपासून टेबलावर हवा.

पुढे इमारत चालवणारी माणसंही त्याच चाचणीत हवीत, पाहुणे म्हणून नव्हे. ब्रेकर त्यांनी उघडावा, आणीबाणीत काय करायचं याच्या लेखी सूचना त्यांनी हातात धरून पाळाव्यात, आणि सूचनेतली जी पायरी प्रत्यक्षात जमत नाही ती तिथेच खोडावी. चाचणीत नोंदलेले तापमानाचे, दाबाचे, व्होल्टेजचे आलेखही ताब्यासोबत त्यांनाच द्या, नुसता ‘पास’ लिहिलेला कागद नको. तीन वर्षांनी एखादा पंप जास्त करंट घेतो आहे असं वाटलं, तर नवा असताना तो किती घेत होता हे त्यांना त्या आलेखातूनच कळेल.