दोनदा चौथी

नमस्कार श्रोतेहो.

आज तुम्हाला बर्फावर घेऊन जाणार आहे. हंगाम २००९-१० चा, आणि खेळ बायकांचं लांब पल्ल्याचं स्पीड स्केटिंग. या हंगामाचा विषय निघाला की सगळे चेक प्रजासत्ताकाच्या मार्टिना साब्लिकोव्हाबद्दल बोलतात. बोलायलाच हवं, कारण हंगाम तिचाच होता. पण मला आज सांगायचंय ते एका जर्मन बाईबद्दल. डॅनिएला अन्शुट्झ-थॉम्स. नाव जरा लांब आहे, पण ध्यानात ठेवा. डॅनिएला.

खेळ कसा चालतो ते आधी थोडक्यात. ४०० मीटरचा लंबगोल ट्रॅक असतो आणि त्यावर दोन लेन. एका वेळी दोघीच सुटतात. आतली लेन छोटी, बाहेरची मोठी, म्हणून दर फेरीला दोघी लेन बदलतात आणि शेवटी दोघींचं अंतर सारखं भरतं. एवढं झालं तरी शर्यत शेजारणीशी नसते, घड्याळाशी असते. सगळ्या जोड्या धावून झाल्या की जिची वेळ सर्वांत कमी, ती पहिली. ३००० मीटर म्हणजे साडेसात फेऱ्या, ५००० मीटर म्हणजे साडेबारा. पुन्हा सांगते, शर्यत घड्याळाशी असते. शेजारणीला मागे टाकूनही बाई चौथी येऊ शकते.

वर्ल्ड कपचा हंगाम नोव्हेंबरात बर्लिनला सुरू झाला. मग नेदरलँड्समधलं हेरेनवीन, नॉर्वेमधलं हामार, डिसेंबरात कॅलगरी आणि सॉल्ट लेक सिटी, आणि शेवट मार्चमध्ये पुन्हा हेरेनवीन. प्रत्येक मुक्कामी गुण मिळतात आणि त्यांची बेरीज होते. कॅलगरी आणि सॉल्ट लेक सिटी उंचावर आहेत. तिथे हवा विरळ, अडथळा कमी, म्हणून वेळा भराभर खाली येतात. साब्लिकोव्हाला मात्र उंच काय नि सखल काय, सगळीकडे सारखंच. तिच्या देशात ४०० मीटरचा एकही बंदिस्त ट्रॅक नव्हता, सराव परदेशात जाऊन करायचा, आणि तरी लांब पल्ल्याचा वर्ल्ड कप तिनेच जिंकला. तिच्या फेऱ्या इतक्या एकसारख्या पडत की घड्याळ लावून तपासावं.

जाता जाता मनात सलणारी एक गोष्ट बोलून टाकते. ऑलिंपिकमध्ये पुरुषांना १०,००० मीटर आहेत, घड्याळाशी असलेल्या शर्यतींत बायकांचा सर्वांत लांब पल्ला ५०००. तोही मिळाला १९८८ मध्ये, कॅलगरीला. त्याआधी ३००० वर गाडी थांबायची. साब्लिकोव्हासारखी बाई बाराव्या फेरीला जशी स्केटिंग करते ते पाहा आणि मग सांगा, हिला पंचवीस फेऱ्या झेपणार नाहीत का? मला हे कधीच पटलेलं नाही. असो. चला व्हँकुव्हरला.

फेब्रुवारी २०१०, व्हँकुव्हर ऑलिंपिक. ट्रॅक रिचमंडला, जवळजवळ समुद्रसपाटीला, म्हणजे हवा जड. पहिली शर्यत ३००० मीटरची. साब्लिकोव्हा ४ मिनिटं २.५३ सेकंद, सुवर्ण. जर्मनीची स्टेफनी बेकर्ट ४:०४.६२, रौप्य. कॅनडाची क्रिस्टिना ग्रोव्ह्ज ४:०४.८४, कांस्य. आणि आपली डॅनिएला ४:०४.८७. चौथी.

ऐकलंत ना? ८४ आणि ८७. तीन शतांश सेकंद. तीन किलोमीटर गेल्यावर साधारण सदतीस सेंटिमीटरचा फरक. स्केटचं एक पातं असतं ना, जवळपास तेवढा.

दहा दिवसांनी ५००० मीटर. साब्लिकोव्हा पहिली, बेकर्ट दुसरी, आणि दोघींत अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही. तिसरी कॅनडाची क्लारा ह्यूज, जिने उन्हाळी ऑलिंपिकमध्ये सायकलिंगची पदकंही मिळवली होती. आणि डॅनिएला? पुन्हा चौथी. दोन शर्यती, दोनदा चौथी. वय पस्तीस. चौथ्या क्रमांकाच्या बाईचं नाव बातमीतसुद्धा येत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी इथे बसले आहे, ती. २७ फेब्रुवारी, सांघिक पाठलाग. प्रत्येक संघात तिघी. दोन संघ समोरासमोरच्या बाजूंनी एकदम सुटतात, सहा फेऱ्या, २४०० मीटर. पुढची बाई वारा कापते, मागच्या दोघी तिच्या आडोशाला असतात, आणि आळीपाळीने पुढे येतात. नियम एकच लक्षात ठेवा: वेळ धरतात ती तिसऱ्या बाईची. पहिली आली, दुसरी आली, त्याला किंमत नाही. तिसरीचं पातं रेषेला लागलं की घड्याळ थांबतं. तिसरीचं.

उपांत्य फेरी, जर्मनी विरुद्ध अमेरिका. जर्मनीची तिसरी बाई होती ॲनी फ्रीसिंगर-पोस्टमा. मोठं नाव, २००२ ची १५०० मीटरची ऑलिंपिक विजेती, पण आता तिला गुडघ्याच्या दुखण्याने बेजार केलं होतं. शेवटच्या फेरीत ती मागे पडू लागली. आधी एक हात अंतर, मग दोन हात, मग साथीदारणींचा आडोसाच गेला आणि सगळा वारा तिच्या अंगावर. शेवटच्या सरळ भागात तिचा तोल गेला. सावरायला गेली आणि थेट पोटावर आली. रेषा समोर दिसतेय, बाकीच्या दोघी केव्हाच पार झाल्यात, आणि ही पोटावर घसरतेय. हातांनी बर्फ मागे ढकलतेय, जणू पाण्यात पोहतेय. घसरता घसरता तिने एक पाय पुढे फेकला. कारण रेषेला पातं लागायला हवं. पातं!

ती रेषेपलीकडे गेली आणि तशीच पडून राहिली. बर्फावर मुठी आपटल्या. आपण संघाला बुडवलं, सगळं गेलं, असंच तिला वाटलं. मग तिने मान वर केली आणि फलक पाहिला. जर्मनी पुढे होती! त्या फेकलेल्या पायाने अमेरिकेला सेकंदाच्या एका तुकड्याने मागे टाकलं होतं. त्या क्षणी तिचा चेहरा पाहावा. ही शर्यत मी कितीदा पाहिली असेल याची मोजदाद नाही, आणि दर वेळी ती मान वर करते तेव्हा मी श्वास रोखून बसते.

अंतिम फेरी त्याच दिवशी, जपानशी. ॲनी उतरली नाही. उतरल्या बेकर्ट, कात्रिन माटशेरोट आणि डॅनिएला. हो, तीच, दोनदा चौथी आलेली. जपानच्या मासाको होझुमी, नाओ कोदाइरा आणि माकी ताबाता सुसाट निघाल्या आणि बराच वेळ पुढेच राहिल्या. जर्मन बायकांनी घाई केली नाही. आपली लय धरून ठेवली आणि शेवटी शेवटी अंतर तोडत आणलं. दोन्ही संघ आपापल्या रेषेवर एकदमच आल्यासारखे दिसले. प्रेक्षकांना काही कळेना, सगळ्यांच्या माना फलकाकडे.

जपान ३:०२.८४. जर्मनी ३:०२.८२.

दोन शतांश. सव्वीस सेंटिमीटर. एका पात्यापेक्षाही कमी. सुवर्णपदक जर्मनीला, आणि ते चौघींना, ॲनीलाही. त्याच वर्षी गुडघ्यामुळे ॲनीने निवृत्ती घेतली.

मार्चमध्ये हेरेनवीनला हंगाम संपला. सर्वांगीण, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांच्या शर्यतींची बेरीज करून ठरणारं, जागतिक विजेतेपदही साब्लिकोव्हानेच नेलं, आणि तिच्या त्या एकसारख्या फेऱ्यांबद्दल मी पुढच्या भागात सविस्तर बोलेन. डॅनिएलाचे व्हँकुव्हरमधले तीन निकाल तेवढे एकदा कानाआड होण्याआधी पुन्हा ऐका: ३००० मीटर, चौथी. ५००० मीटर, चौथी. सांघिक पाठलाग, पहिली.

नमस्कार.