पहिले दहा दिवस

(दृश्य : पहाटेचं रिकामं मैदान. कुणीतरी बुटांच्या नाड्या आवळतंय.)

परीक्षा संपते, सुट्टी लागते आणि आठ आठवड्यांत अंग कमवायचं ठरतं. पहिल्याच दिवशी शंभर बैठका, जमतील तेवढे पुशअप आणि वर दम निघेपर्यंत पळणं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. तिसऱ्या दिवशी दुखणं आणखी वाढतं. चौथ्या दिवशी गजर वाजतो आणि बंद होतो. याला आळस म्हणून मोकळं होऊ नये. गणित चुकलंय ते पहिल्या दिवशीच्या आकड्यात.

हे दुखणं व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. लॅक्टिक ॲसिड साठल्याने दुखतं असं सर्रास सांगतात, पण ते रक्तातून साधारण तासाभरात निघून जातं. स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, म्हणजे बैठकीत खाली जाताना किंवा उतारावरून पळताना, तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. तीच दोन दिवस ठणकते. आठवड्याभराने तोच व्यायाम पुन्हा केला, तर दुखणं बरंच कमी असतं. शरीर एकाच धड्यात खूप शिकतं. तेव्हा पहिला धडा छोटा हवा : १० बैठकांचे २ सेट, म्हणजे सलग दहा, थोडा दम खाऊन पुन्हा दहा. अजून जमलं असतं असं वाटत असतानाच थांबायचं.

एक खूण मात्र सगळ्यांना माहीत हवी. स्नायू टरारून सुजलेत आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची होतेय, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरलंय आणि मूत्रपिंडं धोक्यात आहेत. घरी पाणी पीत वाट बघायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचं. पैजेवर काढलेल्या शेकडो बैठका आणि डोक्यावर ऊन, ही जोडी यासाठी पुरेशी असते.

(दृश्य : कपाळावरचा घामाचा थेंब, अगदी जवळून.)

उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस जातात. या काळात रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. घाम लवकर आणि जास्त सुटतो, पण त्यातलं मीठ घटतं. त्याच वेगाने पळताना हृदयाचे ठोके आधीपेक्षा कमी पडतात. पंख्याखाली बसून ही सवय लागत नाही, आणि आठवडाभर खंड पडला की ओसरू लागते.

सुरुवात सकाळी, १५ ते २० मिनिटांनी. १ मिनिट पळायचं, २ मिनिटं चालायचं, असे ६ फेरे. वेग एवढाच की सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. दर दोन दिवसांनी ५ मिनिटं वाढवायची. दहाव्या दिवसापर्यंत वेगाचं नावही काढायचं नाही.

पाणी किती प्यायचं, याचं उत्तर वजनकाट्यावर मिळतं. व्यायामाआधी आणि नंतर घाम पुसून वजन करा. अर्धा किलो घटलं, तर अर्धा लिटर पाणी गेलं. पुढच्या काही तासांत त्याच्या दीडपट भरून काढा. उलट वजन वाढलं असेल, तर गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलात. तेही बरं नव्हे, रक्तातलं सोडियम पातळ होतं. प्लॅस्टिकचे घामाचे सूट घालून दिसणारी घट ही निव्वळ पाण्याची असते. चरबी जागच्या जागी, आणि अंग तापतं ते वेगळंच.

उन्हात पळणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर उष्माघात धरून चाला. आधी सावलीत नेऊन गार पाण्याने भिजवायचं, शक्य असेल तर पाण्यातच बसवायचं. रुग्णवाहिका येईपर्यंत गार करणं थांबवायचं नाही.

(दृश्य : टेबलाच्या कडेवर दोन तळवे.)

आता ताकद. साध्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाच्या सुमारे ६४ टक्के भार हातांवर येतो. म्हणजे ५० किलोच्या मुलीला ३२ किलो ढकलायचे असतात. गुडघे टेकले तर हा भार ४९ टक्क्यांवर येतो. पाय सरळ ठेवून तळवे ६० सेंटिमीटर उंचीवर टेकले, तर ४१ टक्क्यांवर. ज्याला एकही पुशअप येत नाही, त्याने अशा उंचीपासून सुरू करावं. गुडघे टेकण्यापेक्षा हा रस्ता चांगला, कारण डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका रेषेत ठेवायची सवय पहिल्यापासून लागते.

टेबल हलत नाही ना, ते आधी बघा. तळवे खांद्यांपेक्षा किंचित रुंद. कोपरं धडापासून साधारण ४५ अंशांवर. ती थेट बाजूला फाकली की खांदा कुरकुरतो. पोट आणि नितंब आवळून, तीन मोजत खाली, एक मोजत वर. कंबर लोंबली, की तो सेट तिथेच संपला असं समजायचं. १२चे ३ सेट स्वच्छ निघाले, की एक पायरी खालची उंची. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती.

दांड्यावर पुलअप येत नसेल, तर स्टुलावर चढून हनुवटी दांड्याच्या वर न्यायची आणि पाच मोजत सावकाश उतरायचं. असे तीन-चार, बास. उतरतानाच स्नायू सगळ्यात जास्त दुखावतात, हे आपण वर पाहिलंच.

दोरीच्या उड्या जागा मागत नाहीत. दोरीच्या मध्यावर पाय देऊन मुठी वर ओढल्या, तर त्या काखेपर्यंत याव्यात. उडी दोन-तीन सेंटिमीटरच, चवड्यांवर. दोरी फिरते ती मनगटातून. हात अंगापासून लांब गेले की दोरी आखूड पडते आणि पायात अडकते. ३० सेकंद उड्या, ३० सेकंद थांबा, असं १० वेळा. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर दुखायला लागलं, तर उड्या आणि पळणं निम्म्यावर आणा. एकाच बोटाएवढ्या जागी दुखतंय आणि स्वस्थ बसूनही दुखतंय, तर उड्या बंद. हाडाला चीर असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

पोट कमी करण्यासाठी पोटाचेच व्यायाम करून तिथली चरबी जात नाही. ती साऱ्या अंगातून जाते, आणि कुठून आधी हे आपल्या हातात नसतं. १३ ते १८ वयाला रात्री ८ ते १० तास झोप लागते. सुट्टीतली जागरणं पहाटेच्या पळण्याशी जुळत नाहीत, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

(दृश्य : आरसा. त्यासमोर कुणीच नाही.)

पहिले तीन-चार आठवडे आरशात काहीच दिसत नाही, पण पुशअप वाढत असतात. मेंदू आहे त्याच स्नायूतले जास्त तंतू कामाला लावायला शिकत असतो. स्नायूची जाडी नजरेत भरते ती बहुधा सहाव्या-आठव्या आठवड्याच्या सुमाराला, म्हणजे नेमकी सुट्टी संपताना. पुढे आठवड्यातून एक-दोन दिवस, सेट कमी पण उंची तीच ठेवली, तरी कमावलेली ताकद बरेच महिने टिकते. पूर्ण थांबलं, तर दम पहिल्या दोन-चार आठवड्यांतच उतरू लागतो.