कामाची पाळी सांभाळून रसायनशास्त्र

(नोकरी करून बी.एस्सी.चे पेपर देणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर ठाण्यात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

तुमच्यातले बरेच जण रबाळे, महापे, तुर्भे, तळोजा इथल्या कंपन्यांमधून थेट इथे आला आहात. कुणाला फिजिकल केमिस्ट्रीची केटी आहे, म्हणजे तो पेपर राहिला आहे, कुणी लग्नानंतर थांबलेलं शिक्षण पुन्हा हाती घेतलं आहे. क्लास लावायला वेळ नाही, कॉलेजात तासांना बसणं शक्य नाही. रात्री जेवणं उरकल्यावर तास-दीड तास मिळतो, तोही रोज मिळेल याची खात्री नाही. एवढ्या वेळात रसायनशास्त्र होतं का? होतं. पण ते नुसतं वाचून होत नाही. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, स्वतःच्या हाताने करावं लागतं. आज मला तेवढंच पटवून द्यायचं आहे.

दमून घरी आलेला माणूस व्हिडिओ लावतो. समोर कुणीतरी गणित सोडवतंय, प्रत्येक पायरी पटते, आपल्याला आलं असं वाटतं. दुसऱ्या दिवशी तेच गणित घेऊन बसलं की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. धडा पुन्हा पुन्हा वाचण्याचंही तसंच आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा परत वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, म्हणून हा प्रयोग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो.

आता प्रत्यक्ष एक गणित घेऊ. ०.१ मोलर, म्हणजे लिटरमागे ०.१ मोल, अ‍ॅसिटिक आम्ल आहे. त्याचा विचरण स्थिरांक, म्हणजे ते पाण्यात किती सुटं होऊन आयन देतं ते सांगणारा आकडा, १.८ × १०⁻⁵. पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, किती? (तो जितका कमी, तितकं द्रावण जास्त आम्ल.) हायड्रोजन आयन क्ष मानले, तर क्षचा वर्ग भागिले ०.१ म्हणजे हा स्थिरांक. क्ष येतो साधारण १.३४ × १०⁻³ आणि पीएच २.८७. इथे थांबू नका. त्याच द्रावणात लिटरमागे ०.१ मोल सोडियम अ‍ॅसिटेट घाला. अ‍ॅसिटेट वाढलं, समतोल मागे सरकला, हायड्रोजन आयन कमी झाले, पीएच ४.७४ वर गेला. आता या एक लिटरमध्ये ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. अ‍ॅसिटेट ०.०९ उरलं, अ‍ॅसिटिक आम्ल ०.११ झालं, पीएच फक्त ४.६६ पर्यंत उतरला. तेवढंच आम्ल लिटरभर शुद्ध पाण्यात टाकलं असतं, तर पीएच ७ वरून थेट २ वर आला असता. असं पीएच फारसा हलू न देणारं द्रावण म्हणजे बफर. ते व्याख्या पाठ करून कळत नाही, ४.६६ आणि २ हे दोन आकडे स्वतः काढले की कळतं.

या एका गणितात मोल आला, समतोल आला, ले शातेलिएचं तत्त्व आलं (समतोलात काही वाढवलं की तो ते कमी करण्याच्या दिशेने सरकतो), लॉगही आला. एक संध्याकाळ एवढ्यासाठी दिली तरी ती सार्थकी लागली. दोन दिवसांनी आकडे बदलून हेच गणित न बघता करा. अडलात, तर नेमकं कुठे अडलात ते वहीत लिहा आणि तेवढंच वाचा. बहुतेकांचं अडतं मोलपाशी. तसं असेल तर लाज न बाळगता अकरावीच्या पुस्तकाकडे जा. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. जुनं पुस्तक वापरत असाल तर एक लक्षात ठेवा. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या बदलली. आधी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ वरून होती, आता ६.०२२१४०७६ × १०²³ एवढे कण म्हणजे एक मोल. गणितं सोडवण्याची रीत मात्र तीच राहिली.

तुमच्यातले जे क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या, लॅबमध्ये आहेत, त्यांच्याकडे कॉलेजच्या मुलांपेक्षा एक गोष्ट जास्त आहे. तुम्ही ब्युरेट रोज हाताळता. अ‍ॅसिटिक आम्लाचं कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) टायट्रेशन करताना, म्हणजे ते थेंबाथेंबाने घालून आम्ल मोजताना, शेवट रंगाने दाखवायला फिनॉल्फ्थॅलिनच का घालतात, मिथिल ऑरेंज का नाही, हे कधी विचारलंत? दोन्ही द्रावणं ०.१ मोलर असतील तर शेवटाला पीएच ७ नसतो, ८.७ च्या आसपास असतो, कारण तयार झालेलं सोडियम अ‍ॅसिटेट स्वतः थोडं अल्कधर्मी आहे. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग साधारण ८.३ पासून चढायला लागतो. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्येच बदलून मोकळा होतो, तेव्हा निम्मं आम्लसुद्धा संपलेलं नसतं. आणि तो फिकट गुलाबी रंग थोड्या वेळाने उडतो, तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. कंपनीच्या एसओपीमध्ये, म्हणजे कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीत, ‘इंडिकेटर : फिनॉल्फ्थॅलिन’ एवढंच छापलेलं असतं. त्यामागचं कारण पेपरात पाच मार्कांना विचारतात, आणि रोज ज्याच्या हातात ते द्रावण असतं त्याने ते मार्क सोडू नयेत असं मला मनापासून वाटतं. घरी मात्र प्रयोग करायला जाऊ नका. प्रॅक्टिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करायचं.

आता वेळेचं. सगळा वेळ सारखा नसतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहून गणित होत नाही, तिथे आठवण्याचं काम करायचं. मोबाइल खिशात ठेवा आणि ऐरोलीपासून कोपरखैरणेपर्यंत एखादी अभिक्रिया मनात म्हणा. मिथिल ब्रोमाइडवर हायड्रॉक्साइड येतो. कुठल्या बाजूने? ब्रोमिनच्या विरुद्ध बाजूने. वक्र बाण कुठून निघतो? ऑक्सिजनवरच्या इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून. तो नेहमी इलेक्ट्रॉनकडून निघतो, कार्बनकडून उलटा काढला की मार्क गेले. तृतीयक ब्रोमाइड असेल, म्हणजे ब्रोमिनच्या कार्बनला आणखी तीन कार्बन जोडलेले असतील, तर गर्दीमुळे मागून वाट मिळत नाही, आधी ब्रोमाइड निघून जातो आणि मग उरलेल्या कार्बोकॅटायनवर, म्हणजे धनभारित कार्बनवर, हल्ला होतो. जिथे अडखळाल ते घरी गेल्यावर आधी उघडायचं. आणि स्वतःशी मराठीतच बोला. पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी कारण आधी आपल्या भाषेत पक्कं होऊ द्या.

रात्रपाळीहून आल्यावर गणितं काढू नका. झोपा. रंगीत पेनांनी नोट्स सजवण्यात वेळ घालवू नका. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवतात, त्या पहिल्याच दिवशी काढा, म्हणजे कुठल्या खोलीपर्यंत जायचं ते कळेल.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं, फिजिकल आणि इनऑरगॅनिक दोन्ही राहिलेत, आधी कशाला हात घालू? ताई, आधी फिजिकल. त्याला टेबलाशी बसायला लागतं आणि हात वळायला महिने जातात. इनऑरगॅनिकचं बरंचसं काम तुम्ही गाडीत, ओट्याशी, पाळण्याची दोरी हातात असतानाही करू शकाल. आवर्तसारणीचा एक गट आठवड्याला घ्या; वरून खाली येताना आकार आणि आयनीभवन ऊर्जा कशी बदलते ते कारणासकट म्हणा. रविवारचा मोकळा तास मात्र फिजिकलच्या गणितांसाठी ठेवा, आणि त्या तासात घरच्यांनी बाळाला सांभाळावं, हे त्यांना आजच सांगून ठेवा.