उरलेली दोन गाणी

श्रोतेहो, नमस्कार. सिव्हिल लाइन्समधले वसंतराव देशपांडे सभागृह किंवा रेशीमबागेतले सुरेश भट सभागृह, बसायला गुबगुबीत खुर्ची आणि मध्यंतरात चहा, एवढी सोय झाली की गाणे ऐकायची आम्हा नागपूरकरांची तयारी पूर्ण होते. मीही त्यांतलाच. गेल्या हिवाळ्यात मात्र रात्रभराचा प्रवास करून पुण्यात शिकणाऱ्या लेकीकडे गेलो, आणि तिने मला एका इंडी रॉक बँडच्या कार्यक्रमाला नेले. तिथे खुर्च्याच नव्हत्या. कानांत घालायला तिने आठवणीने कापूस आणला होता. पिकल्या केसांचा श्रोता बहुधा मी एकटाच होतो.

इंडी म्हणजे इंडिपेंडंट, अर्थात स्वतंत्र. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या आधाराशिवाय स्वतःची गाणी स्वतः रचायची, स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रित करायची आणि लोकांपर्यंत पोहोचवायची, असा हा मार्ग आहे. माझ्या पिढीला या संदर्भात १९९० साली दिल्लीत सुरू झालेला ‘इंडियन ओशन’ हा बँड आठवेल. कंपन्यांचा अनुभव घेऊन झाल्यावर या मंडळींनी २०१० मध्ये आपला नवा अल्बम दरमहा एक गाणे याप्रमाणे इंटरनेटवर चक्क फुकट दिला. मग पोट कशावर भरायचे? प्रत्यक्ष कार्यक्रमांवर. पुण्यातही प्रवेशद्वाराशी एका टेबलावर बँडचे टी-शर्ट विकायला ठेवले होते, आणि विकणारा मुलगाच थोड्या वेळाने ड्रमवर जाऊन बसला, तेव्हा मला या स्वातंत्र्याचा अर्थ व्याख्येपेक्षा लवकर कळला.

साडेसातचा कार्यक्रम पावणेनऊला सुरू झाला. त्याबद्दल माझी तक्रार आहेच, पण ती नंतर.

सहावे गाणे रंगात आले असताना गिटारची सर्वांत बारीक तार तुटली. दुसरी गिटार नव्हती. गिटारवाला मुलगा तिथेच मांडी घालून बसला, खिशातून पक्कड काढली आणि नवी तार ओवू लागला. आमच्याकडे अशा वेळी निवेदक पुढे येऊन दोन विनोद सांगतो. इथे बेस गिटार, म्हणजे खर्जातल्या स्वरांची गिटार, वाजवणाऱ्या मुलीने ड्रमरकडे नुसते पाहिले. त्याने काठ्यांचा जोर उतरवला आणि ती चारच स्वर फिरवून फिरवून वाजवत राहिली. हेच गाणे लेकीने मला आधी मोबाइलवर ऐकवले होते, पण त्यात ही मुलगी मला ऐकूच आली नव्हती. बेसच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला तो झेपत नाही. इथे तो पायांखालच्या फरशीतून वर येऊन बरगड्यांत घुमत होता, आणि कानांतल्या कापसाचा त्याच्यापुढे काही इलाज चालत नव्हता. नवी तार सुरात टिकत नाही, सारखी उतरते, म्हणून तो मुलगा ती बोटाने ओढून ओढून पुन्हा पिळत होता. तीन-चार मिनिटे हे चालले असेल. अखेर त्याने मान वर केली, बेसवालीने चौथा स्वर जरा लांबवला आणि तिघेही नेमक्या जागी गाण्यात परतले. तानपुरा लागेपर्यंत शांत बसण्याची मला सवय आहे. पण जुळवाजुळवही तालात करता येते, हे मी प्रथमच पाहिले.

आता तक्रार. कार्यक्रम उघड्या अंगणात होता, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. नियम योग्यच आहे; शेजारच्या इमारतीत कुणाचे तान्हे मूल झोपलेले असू शकते. पण आयोजकांनी सुरुवातीचा सव्वा तास आवाजाच्या चाचण्यांत आणि ओळखीच्यांच्या गप्पांत घालवला, त्याचा भुर्दंड बँडला आणि आम्हाला पडला. दहाला पाच कमी असताना एक गृहस्थ येऊन मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवू लागले. नववे गाणे संपले आणि पाठोपाठ आवाज बंद झाला.

लोक पांगल्यावर लेक पुढे गेली आणि गिटारवाल्याच्या पायाशी चिकटपट्टीने डकवलेला कागद मागून घेऊन आली. त्यावर निळ्या शाईने अकरा गाण्यांची नावे लिहिलेली होती. तो कागद आता नागपुरात आमच्या फ्रिजवर लावलेला आहे. खालची दोन गाणी मी त्यानंतर मोबाइलवर ऐकली, पण ती झाली असे मी धरत नाही. हा बँड कधी नागपुरास आला, तर त्याने दहाव्या गाण्यापासून सुरुवात करावी, आणि वेळेवर करावी, एवढेच माझे मागणे आहे. नमस्कार.