कानाला दडा बसला तर

(नाशिकमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर एका कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

रामकुंडावर बुडी मारून वर आलो आणि एका कानानं ऐकूच येईना, ही तक्रार मी पंचवटीत दवाखाना सुरू केल्यापासून ऐकते आहे. पेशंटला वाटतं, पाणी अडकलंय. मग एका पायावर उड्या मारून होतात, टॉवेलचं टोक घालून होतं, घरी गेल्यावर कान कोरायचा कापसाचा बड घालून होतो. बहुतेक वेळा पाणी केव्हाच निघून गेलेलं असतं. कानात आधीपासून साठलेला मळ पाणी पिऊन फुगतो आणि उरलीसुरली फट बुजवतो. आवाज आत जायला बारीकशी फटही पुरते, म्हणून काल ठणठणीत ऐकणाऱ्या माणसाला आज दडा बसतो.

मळ म्हटलं की आपल्याला घाण आठवते, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते. मळ तयार होतो तो तिच्या फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात. तो धूळ धरून ठेवतो, कातडीला पाणी लागू देत नाही, आणि किंचित आम्लधर्मी असल्यामुळे जंतू-बुरशीला वाढू देत नाही. शिवाय कानाची कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेला सरकत असते, नख वाढतं तितक्याच सावकाश. आपण भाकरी चावतो, बोलतो, तेव्हा जबडा हलतो आणि मळ सुटून पुढे येतो. म्हणजे कान स्वतःच स्वतःला झाडून काढतो. मग पडद्याला चिकटलेला मळ तिथे पोचला कसा? बहुधा आपणच तो ढकललेला असतो. तोफेत दारू ठासावी तसा बड मळ आत ठासतो. काड्यापेटीची काडी, केसाची पिन, गाडीची किल्ली, यांनी तर जखम होते. आतली कातडी हाडावर कागदासारखी पातळ बसलेली असते. कान कोरताना खोकला येतो ना? तिथे एका नसेची फांदी आहे, ती घशाशी जोडलेली आहे. तो खोकला आला की हात थांबवा, एवढंच मागते.

आता घरी काय करायचं. ऑलिव्हचं किंवा बदामाचं साधं तेल घ्या, नाहीतर मेडिकलमध्ये मळ मऊ करणारे थेंब मिळतात ते. बाटली मुठीत धरून अंगाइतकी कोमट करा. गॅसवर नको, आणि लसूण घालून कढवलेलं तेल तर मुळीच नको. त्यानं भाजलेले कान मी पाहिलेत. कुशीवर निजून कानाची पाळी वर आणि मागे ओढा, दोन-तीन थेंब सोडा, पाच-दहा मिनिटं पडून राहा, मग बाहेर येईल तेवढं फडक्यानं टिपा. दिवसातून दोनदा, तीन ते पाच दिवस. मधे एखादा दिवस दडा जास्तच वाटेल, कारण मळ भिजून फुगतो. घाबरून काडी उचलू नका. पेटती मेणबत्ती कानात लावून मळ ओढला जातो म्हणतात, तसं काही होत नाही, चेहरा मात्र भाजतो.

कान वाहत असेल, दुखत असेल, पडद्याला भोक असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल, तर थेंबसुद्धा घालायचा नाही. आणि ज्यांना साखर आहे, त्यांनी घरी पिचकारीनं कान धुवायचाच नाही. त्यांच्या कानात लहानशा ओरखड्यातून शिरलेलं इन्फेक्शन हाडापर्यंत जाऊ शकतं. बाकीच्यांनीही पिचकारीचं काम दवाखान्यातच करून घ्यावं. पाणी अंगापेक्षा थंड किंवा गरम असेल तर माणूस गरगरून पडतो. ज्येष्ठ माणसाला ते पडणं परवडत नाही.

एक गोष्ट घरातली सांगते. माझ्या वडिलांना एका सकाळी डाव्या कानाला दडा बसला. मी तेव्हा शिकायला बाहेरगावी होते. घरात सगळे म्हणाले, मळ असेल. तीन आठवडे तेल घातलं. मळ नव्हताच, कानाची नसच गेली होती. अशा दुखण्यात औषध पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तर ऐकू परत येण्याची आशा असते. वडिलांचा तो काळ तेल घालण्यात गेला. त्या कानानं त्यांना पुन्हा ऐकू आलं नाही.

म्हणून आता सगळ्यांनी एक करा. एका कानात बोट घाला आणि तोंड मिटून 'हं' असा लांब सूर धरा. आवाज कुठे भरतोय? बुजवलेल्या कानात ना? खरंच दडा बसेल तेव्हा बोट न घालता हाच सूर धरा. मळाचा दडा असेल तर असंच होतं, सूर बंद कानाकडे जातो. सूर चांगल्या कानाकडे गेला, तर दोष नसेचा असू शकतो. तसं झालं तर तेलाची बाटली खाली ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. सूर कुठे जातोय ते नीट कळलं नाही आणि ऐकू एकाएकी गेलेलं असेल, तरीही त्याच दिवशी. चला, आता दुसरा कान.